शेवटची मूठ

छबुबाईच्या खानावळीत त्या दुपारी पहिल्याच घासाला सगळ्या पंगतीचे हात थांबले. कचेरीतल्या एका कारकुनानं तोंडातला घास परत वाटीत टाकला. दुसरा उठून मोरीकडं पळाला. वकिलाचा मुन्शी बसत होता कोपऱ्यात, त्यानं तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिलं आणि तिथूनच बोंब ठोकली, "छबुबाई, मिठाचं पोतं सांडलं का काय वरणात?" छबुबाई पदर खोचत आतून आली, बोट बुडवून चाखलं, कपाळावर हात मारला आणि सुनेच्या नावानं शिमगा सुरू केला. सासूनं घातलेलं मीठ सुनेला दिसलं नाही, तिनं परत घातलं. दोघींचा हात लागला की असं होतंच, कुणाच्या घरी होत नाही? पंगत हसायला लागली, शिव्याही हसतहसतच द्यायला लागली. हसताहसता मुन्शीची नजर शेजारच्या ताटावर गेली. तिथं बद्रीनाथ बसला होता. त्याची वाटी रिकामी होती, भाकरीच्या तुकड्यानं कडेकडेनं पुसून घेतलेली, आणि सगळे का गप्प झाले, का हसले, म्हणून तो मान वर करून एकेकाकडं बघत होता. "पाव्हणं," मुन्शी म्हणाला, "तुमच्या वाटीत दुसरं वरण होतं का हो?" बद्रीनाथ म्हणाला, "हेच होतं." "मग गिळलं कसं?" "अन्नाला नावं ठेवू नाहीत," तो म्हणाला. त्यावर पंगत अजून हसली. असा देवमाणूस बीडात न्हाई, असं कुणीतरी म्हणालं.

बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. बिंदुसरेच्या पात्रात वाळू आणि वाळूतले खड्डे, खड्ड्यांभोवती घागरी घेतलेल्या बाया. बद्रीनाथ भिंतीच्या सावलीला उभा राहिला आणि त्यानं जीभ टाळूवर घासली. काही नाही. दातांमागं घासली. काही नाही. देवमाणूस! मेल्यांनो, देवमाणूस कसला, आचारी आहे मी. शिरूर कासारपासून परळीपर्यंत ज्याच्या हातची आमटी खायला लोक दुसऱ्याच्या लग्नात जातात तो आचारी. गेल्या दिवाळीच्या सुमाराला मानमोडीचा ताप आला, गावंच्या गावं आडवी झाली, त्यातून हा उठला. पण उठला तो अर्धाच उठला. आधी वास गेला. मग गूळ गेला, जिभेवर नुसता चिकटपणा राहिला. तिखट म्हणजे नुसती आग उरली, मिरचीची का लसणाची ते कळेना. पण मीठ होतं. खारट आणि अळणी एवढं कळतं असं त्याला वाटत होतं, आणि तेवढ्यावर त्यानं मनाशी गाठ मारली होती की मीठ हाय तोवर आपण हाय, बाकीचं येईल मागनं. वैद्यानंही तेच सांगितलं होतं, येईल म्हणून. आज खारट वरणाची अख्खी वाटी त्यानं चाटूनपुसून खाल्ली होती. आणि कनवटीला सिरसाळ्याच्या लग्नाची सुपारी होती.

लग्न राधाकिशनच्या पोरीचं, शिवकन्येचं. सिरसाळा म्हणजे बद्रीनाथचं आजोळ. राधाकिशन, बंकट आणि तो असे तिघं तिथं एका ताटात जेवून वाढलेले. शिवकन्या चार वर्षांची होती तेव्हा ह्याच्या मांडीवर बसून म्हणाली होती, काका, माझ्या लग्नात तुमीच येसर करा. पोरीला लग्न म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, भाजलेल्या पिठाची ती लग्नातली येसर आमटी मात्र ठाऊक होती. आता सुपारी हातात देताना राधाकिशन म्हणाला होता, "पोरीनं नवरा न्हाई इचारला बे, आचारी कोण ते इचारलं." तेव्हा बद्रीनाथला हसू आलं होतं. आता भिंतीला टेकून ते आठवलं आणि त्यानं कनवटीची सुपारी चाचपली.

करीमभाईच्या चहाच्या दुकानात तो सहसा आडोसा बघून जात असे. लग्नाघरचा आचारी तिथं चहा पिताना दिसला तर चार तोंडं बोलायला कमी नसत. त्या दिवशी उघड गेला. करीमभाईनं वरून धार धरून चहा ओतला, फेस आला. "क्या आचारी, मुंह कायकू उतरा?" बद्रीनाथनं पेला दोन्ही तळव्यांत धरला. पेल्याच्या काचेला उभ्या रेघा होत्या, त्या बोटांना कळल्या. चहा गरम होता. घशातून उतरताना कुठवर आला ते सगळं कळत होतं. पेल्याच्या बुडाशी एक पत्ती फिरत होती, तीही दिसली. आयुष्यात इतक्या नीट त्यानं चहा कधी पिला नव्हता, आणि हाती काही लागत नव्हतं. "कैसी बनी?" करीमभाईनं विचारलं. "गरम हाय," बद्रीनाथ म्हणाला. करीमभाईचं तोंड उतरलं. "गरम तो पानी भी होता, मियाँ," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्याचं बरोबर होतं. बद्रीनाथला कुणी असं म्हटलं असतं तर त्यानं पळी फेकून मारली असती.

लग्नाला अवकाश होता. घरी, शिरूरला, कोण होतं वाट बघायला? तो चौसाळ्याच्या वाटेला लागला. बंकटला भेटू, तिथून केज, धारूर करत सिरसाळा गाठू, वाटेत जिथं जिथं चूल पेटती दिसेल तिथं बसू. कुठंतरी कुणाच्या तरी हातचं काहीतरी जिभेला चावेल. हे त्यानं मनात म्हटलं तेव्हा त्याला ते खरंच वाटलं. भाड्याच्या गाडीत कडब्यावर पडून चाकांची करकर ऐकताना मनकर्णा आठवली. बायको. तापात तो निपचित पडला होता आणि ती, स्वतः फणफणलेली, पेजेची वाटी घेऊन बसली होती. त्यानं एक घोट घेतला आणि वाटी सारली. "अळणी हाय," म्हणाला. ती म्हणाली, "घातलंय की हो मीठ." "अळणी हाय म्हणतो ना!" ती उठली, चुलीशी गेली, परत मीठ घालून आली. ते त्यानं पिलं का नाही, आठवत नाही. त्यानंतर शुद्धीवर आला तेव्हा चूल थंड होती आणि शेजारची भिवराबाई दारात रडत उभी होती. तेव्हापासून कित्येकदा त्याला वाटलं होतं की बिचारी तापाच्या भरात मीठ विसरली. आज छबुबाईच्या वरणानं सांगितलं की ती विसरली नव्हती. त्या घोटालाच ह्याची जीभ मेली होती. आणि तिला तो शेवटचा शब्द बोलला तो अळणी. गाडीवान मागं वळून म्हणाला, "आचारी, रडता का काय?" बद्रीनाथ म्हणाला, "धूळ लई हाय रस्त्याला."

बंकटची खानावळ चौसाळ्यात रस्त्याच्या कडेला होती. चार खांब, वर तुराट्यांचं छप्पर, बसायला तरट. पण चूल कशी, तर आरशासारखी सारवलेली. बंकट ऐन जवानीत बद्रीनाथच्या हाताखाली काहिलीला लाकडं सारायचा, तिथंच शिकला आणि इथं येऊन बसला. त्यानं मित्राला बघून मिठीच मारली, ताट मांडलं, ज्वारीची पांढरीशिप्पत भाकरी, हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीनं फोडून. स्वतः समोर उकिडवा बसला. बद्रीनाथनं भाकरी मोडली. पापुद्रा सुटला, वाफ आली, बोटं भाजली. भाकरी खरपूस आहे हे डोळ्यांना कळलं, कानांना कळलं. तोंडात गेल्यावर ती ओल्या चिंधीसारखी नुसती फिरत राहिली. "कशी हाय?" बंकट म्हणाला. "झकास." "मीठ?" "बेतशीर." बंकटनं ताट आपल्याकडं ओढलं. मग म्हणाला, "आमटीत मीठ घालायचं राहिलंय बे. मी आत्ता मीठ घ्यायला उठणारच होतो, तेवढ्यात तू आला. तू चाखून शिव्या घालशील म्हणून गंमत बघत बसलो व्हतो." बद्रीनाथनं हातातला तुकडा खाली ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं, मनकर्णेच्या पेजेपासून छबुबाईच्या वरणापर्यंत.

बंकट उठला. मिठाचा खडा आणला, गुळाचा आणला, कारलं चिरून आणलं. लहान लेकराला भरवावं तसं एकेक जिभेवर ठेवलं आणि दर खेपेला मित्राच्या तोंडाकडं बघितलं. खडा टोचत होता, गूळ विरघळत होता, कारलं गार होतं. शेवटी बंकटनं कारल्याची फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि थुंकली. "राधाकिशनला सांग," तो म्हणाला. "सांगून?" "दुसरा आचारी बघंल त्यो." बद्रीनाथ उसळला. "सुपारी परत गेलेला आचारी पाहिलास का कधी तू? त्याला पुढं बारशाच्या घुगऱ्या शिजवायला तरी कुणी बोलावतं का? आन् ती पोर... तिला काय सांगू?" बंकट मान हलवत राहिला. "मग मी येतो संगं," तो म्हणाला, "तुला डोळा व्हता, हात व्हता, ते गेलं न्हाई ना कुठं? जिभेचं बघू काय ते." ह्या बघू काय तेवर दोघांनीही फार बोलायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी बंकटनं चूल बायकोच्या हवाली केली आणि ते निघाले.

केजला एका बाईच्या खोपटात त्यांनी धपाटे खाल्ले. दह्याचा गारवा दातांना लागला एवढंच. पुढं एका झाडाखाली भजी तळणारा होता. कढईत भज्यांचा आवाज छान होता, तेल नवं होतं हे फेसावरून कळत होतं, बंकट बोटं चाटत होता. धारूरला वाण्याच्या ओट्यामागं जेवणाची सोय होती. तिथं वरणफळं मिळाली, मऊ, निसरडी, गिळायला सोपी. दर ठिकाणी पहिला घास घेऊन बद्रीनाथ डोळे मिटून बसायचा आणि बंकट देवाला कौल लावल्यासारखा बघत राहायचा. "काय?" "न्हाई." पुढं बंकटनं विचारायचं सोडलं. बद्रीनाथच्या डोक्यात मात्र नुसतं साठत चाललं होतं. कुठल्या खानावळीतल्या ताटाला पोचा होता, कुठल्या बाईच्या बांगड्या वाढताना वाजत नव्हत्या, कुठं पाण्याच्या माठाखाली तुळस उगवली होती, कुणी भाकरी टाकताना आपटली, कुणी हळू ठेवली. सगळं मिळत होतं, जेवण तेवढं नव्हतं. घाटाच्या तोंडाशी हलवायाच्या दुकानात पेढा तोंडात टाकला आणि एकदम गोड लागलं! तो ओरडलाच, "बंकट! गोड हाय!" बंकटनं अर्धा पेढा घेतला, खाल्ला, आणि त्याचा चेहरा पडला. "खवा कडवट झालाय बे," तो हळू म्हणाला, "खाली लागलाय." जे लागलं ते पेढ्याचं नव्हतं, लहानपणी आजोळच्या जत्रेत खाल्लेल्या कुठल्यातरी पेढ्याचं होतं.

सिरसाळ्यात मांडव पडला होता. राधाकिशननं दोघांना बघून डोक्यावरचं केशरी मुंडासं सारखं केलं आणि म्हणाला, "आता मी मोकळा झालो." शिवकन्या हळदीच्या अंगानं बाहेर आली, पाया पडली, "काका, येसर?" म्हणाली. बद्रीनाथ म्हणाला, "येसर."

आता लग्नाच्या स्वयंपाकाची एक रीत आहे, आणि ती ज्याला ठाऊक नाही तो आचारी नव्हे. निवद दाखवल्याशिवाय काहिलीतलं काही कुणी चाखायचं नाही. मारुतीला पान जायचं, घरच्या देवाला जायचं, मग माणसांना. आचाऱ्यानंसुद्धा जिभेला लावायचं नाही. लावलं की अख्खी काहील उष्टी, आणि उष्ट्याचा निवद पोरीच्या संसाराला भोवतो. म्हणून बद्रीनाथनं उभ्या आयुष्यात स्वतःची आमटी पंगतीआधी चाखलेली नव्हती. तो नाकानं रांधायचा. येसराचं पीठ कालवून उकळी आली, की मिठाच्या मुठी टाकायच्या आणि शेवटची एक राखून ठेवायची. मग काहिलीवर वाकून वाफ घ्यायची. वाफ घशात कशी उतरते त्यावरून ती मूठ पुरी टाकायची, अर्धी टाकायची का परत पोत्यात टाकायची ते कळायचं. लोक म्हणायचे, बद्रीनाथच्या हाताला चव आहे. हाताला नव्हती. त्या वाकण्यात होती.

आमटीला उकळी आली. लाल तवंग कडेला सरकला. बद्रीनाथनं मुठी टाकल्या, एक राखली आणि वाकला. वाफ तोंडावर आली, मिशा ओल्या झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं. तो वाट बघत राहिला. ये बाबा, म्हणाला, एकदाच ये, ह्या पोरीपुरती ये, मग जन्मभर नको येऊ. वाफेत मनकर्णा वाटी घेऊन बसलेली दिसली. घातलंय की हो मीठ. अळणी हाय म्हणतो ना! कनातीपलीकडं सनई वाजत होती, कुणीतरी बद्रीनाथ, झालं का, म्हणून ओरडलं. तो सरळ झाला तेव्हा त्याची मूठ उघडी होती. ओला तळवा, त्याला चार खडे चिकटलेले. टाकली का? का पोत्यात परत गेली? वाकताना हात कुठं होता, काहिलीवर का मागं? त्याला काही म्हणता काही आठवेना. बंकट पळी घेऊन शेजारीच होता, पण तो खाली वाकून लाकडं सारत होता, त्यानंही बघितलं नव्हतं. "टाकली का रे मी?" "मला काय ठाव! थांब, घाबरू नको," बंकट म्हणाला, इकडंतिकडं बघितलं आणि पळीतला एक थेंब तळहातावर घेऊन हात तोंडाकडं नेला. बद्रीनाथनं झडप घालून त्याचं मनगट धरलं. "निवद व्हायचाय!" "कुणी बघत न्हाई बे." "लेकीचं लगीन हाय. उष्टं करतो?" "आरं, एक थेंब! तुझी अब्रू..." "अब्रू माझी हाय, संसार तिचा हाय," बद्रीनाथ म्हणाला आणि मित्राचा तळहात स्वतःच्या धोतराला पुसून टाकला. मग पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि टाकली. अळणी राहण्यापेक्षा बरं, त्याला वाटलं. अळणी हा शब्द त्याला परत ऐकायचा नव्हता.

निवद गेला. पहिली पंगत वरपक्षाची बसली. बद्रीनाथ कनातीच्या आत, काहिलीशी, कान देऊन उभा. वदनी कवळ झालं. पळभर सगळीकडं गप्प झालं. बीडला झालं होतं तसंच ते गप्प होतं. आता कुणीतरी थुंकेल. आता कुणीतरी बोंब ठोकेल. वरपक्ष तो, त्यांना तर निमित्तच हवं असतं. बाहेर काहीतरी कुजबुज झाली, बंकटचा आवाज आल्यासारखा वाटला, आणि मग, देवा रे, पत्रावळींची सळसळ सुरू झाली, भुरके ऐकू आले, कुणीतरी खणखणीत म्हणालं, "आमटी वाढा हो!" दुसरा म्हणाला, "इकडं बी!" बद्रीनाथनं काहिलीला हात जोडले. साधली. नाक नाही, जीभ नाही, तरी हातानं ओळखलं. हाताला चव होतीच म्हणायची! कित्येक महिन्यांनी तो एकटाच हसला. तोंड पुसलं, टोपी नीट केली. पहिल्या पंगतीला आचाऱ्यानं स्वतः एक फेरा वाढायचा असतो, शाबासकी घ्यायला. त्यानं आमटीची बादली उचलली आणि तो बाहेर आला.

राधाकिशन बोडका उभा होता. बद्रीनाथनं आधी तेवढंच बघितलं, आणि मुलीच्या लग्नात हा बोडका का, एवढंच त्याच्या मनात आलं. मग केशरी मुंडासं दिसलं. ते व्याह्याच्या पायाशी ठेवलेलं होतं. व्याही पाय न हलवता मान खाली घालून जेवत होता. त्याच्या डाव्या हातात तांब्या होता. त्यानं द्रोणात पाणी ओतलं, बोटानं ढवळलं, आणि भुरका मारला. शेजाऱ्यानं ओतलं. त्याच्या शेजाऱ्यानं ओतलं. अख्खी पंगत तांब्यानं आमटीत पाणी घालत होती आणि गुमान खात होती, आणि कुणी अन्नाला नावं ठेवत नव्हतं. बद्रीनाथ पहिल्या पत्रावळीपुढं पळी भरून उभा होता. मागं फिरता येत नव्हतं. पहिल्या माणसानं द्रोण पुढं केला. "घाला, आचारी." त्यानं घातली. दुसऱ्यानं केला. एकानंही द्रोणावर हात आडवा धरला नाही. एक म्हातारा ठसकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, "वा, वा." व्याही म्हणाला, "हात हाय तुमचा." राधाकिशन त्याच्याकडं बघत नव्हता. पंगत लांब होती आणि बद्रीनाथला ती शेवटपर्यंत वाढावी लागली. शिवकन्या नवऱ्याशेजारी बसली होती, तिच्या द्रोणात मात्र पाणी नव्हतं. तिनं काकाकडं बघून एक घोट तसाच घेतला, ओठ मिटून धरले आणि मान डोलावली. थुंक गं बाई, तो मनात म्हणाला, थुंक. तिनं गिळलं.

सगळ्या पंगती उठल्यावर बद्रीनाथ काहिलीशी बसला. बंकटनं त्याचं पान मांडलं आणि स्वतःचंही. बद्रीनाथनं आपल्या द्रोणात आमटी घेतली, पाणी न घालता पिली, परत घेतली, परत पिली. गरम होती. बंकट जवळ तांब्या घेऊन बसला होता, पण तांब्याला हात लावत नव्हता. "त्यांनला माझ्या जिभेचं तू सांगितलं ना?" "व्हय," बंकट म्हणाला. "मनगट काहून धरू दिलं तू? दांडगा हायस माझ्याहून. हिसकून चाखायचं व्हतं." बंकटनं स्वतःच्या द्रोणात आमटी वाढून घेतली. "शिवी दे बे," बद्रीनाथ म्हणाला. "बीडात त्या मुन्शीनं छबुबाईला कशी दिली, तशी दे. आईवरनं दे. खारट जहर झालती म्हण. कुणी तरी एकदा म्हणा की रे!"

बंकटनं द्रोण उचलला आणि सगळी आमटी एका दमात पिली.

"लई चांगली झालती," तो म्हणाला, आणि मग त्यानं तांब्या तोंडाला लावला.